खाडीचा कणा

कोपरीत राहणाऱ्या माणसाला समुद्र दिसत नाही. त्याचा वास येतो. ओहोटी लागली आणि वारा पूर्वेकडून वाहू लागला, की चिखल, मीठ आणि कुजका पाला यांचा मिळून झालेला एक वास मीठबंदराच्या बाजूने गल्ल्यागल्ल्यांत शिरतो. नवखा पाहुणा नाकाला रुमाल लावतो. ज्यांचा जन्म येथे गेला ते घड्याळाकडे न पाहता म्हणतात, "पाणी गेलं वाटतं." एवढीच काय ती आमची आणि खाडीची ओळख. माझीही तेवढीच होती, आणि तेवढ्या ओळखीवर मी एक कादंबरी लिहिली होती.

त्या कादंबरीचा नायक चेंदणीचा कोळी. पहिल्याच प्रकरणात तो पहाटेच्या अंधारात कोपरीसमोर जाळे टाकतो आणि चांदीच्या ताटांसारखी पापलेटे वर येतात. परीक्षणे लिहिणाऱ्यांनी या वर्णनाची वाखाणणी केली. आमच्या दारावर मासळी घेऊन येणाऱ्या मावशींना मात्र त्यांच्या नातीने ते पान वाचून दाखवले. नात माझ्याच वर्गात. दुसऱ्या दिवशी डोक्यावरची पाटी उतरवता उतरवता मावशी म्हणाल्या, "मास्तर, तुमच्या खाडीत पापलेट कुठनं आला? तो भरदर्याचा मासा. आमच्या बापजाद्यांनी इथं कधी पागला नाय. पोरीला असलं काय शिकवू नका."

वाचकहो, परीक्षणातल्या चार ओळींनी माणूस फुगतो आणि पाटीवाल्या बाईच्या चार शब्दांनी जमिनीवर येतो, याचा अनुभव मी त्या दिवशी घेतला. ज्या पाण्याकाठी आयुष्य काढले त्यात कोण राहते हे आपल्याला ठाऊक नाही, ही गोष्ट मनाला लागून राहिली. प्राणिशास्त्राशी माझा संबंध मॅट्रिकच्या पुस्तकाबरोबर संपलेला. तेव्हा मी इतिहासाकडे वळलो. म्हटले, हजार वर्षांचे ठाणे. या खाडीत कोण राहत होते हे कोणी ना कोणी लिहून ठेवलेच असेल.

लिहिणाऱ्यांनी पुष्कळ लिहिले आहे. हे ठाणे शिलाहारांचे श्रीस्थानक. तेराव्या शतकात यादव महादेवाने शेवटचा शिलाहार राजा सोमेश्वर याचा पाडाव केला, आणि तो समुद्रावरच्या लढाईत. बोरिवलीजवळ एकसर येथे वीरगळ उभे आहेत. त्यांवर वल्ही मारीत चाललेल्या नौकांच्या रांगा कोरलेल्या आहेत. त्याच शतकाच्या अखेरीस मार्को पोलोने ठाण्याच्या राज्याची नोंद केली, ती तेथील चामड्याची, कापडाची आणि चाच्यांची. पुढे पोर्तुगीज आले. १७३७ साली मराठ्यांनी ठाणे घेतले. १७७४ साली ते इंग्रजांकडे गेले. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून निघालेली आगगाडी ठाण्यास पोहोचली, आणि पुढल्याच वर्षी खाडीवर पूल बांधून ती कल्याणला गेली. आज कोपरीत उभे राहिले की त्या लोहमार्गाचा खडखडाट ऐकू येतो. रुळांच्या दोन्ही अंगांना चेंदणी कोळीवाडा आहे. गाडीने गावही चिरले आणि पाणीही ओलांडले.

हा सारा इतिहास खाडी ओलांडणाऱ्यांचा आहे. नौका आल्या, घोडे आले, तोफा आल्या, इंजिने आली. एकसरच्या दगडावर नौका आहे, वल्हे आहे, पडलेला वीर आहे. त्या नौकेखालून कोण पोहत गेले ते कोरण्याचे कोणाला सुचले नाही. शिलाहार गेले, पोर्तुगीज गेले, गोरा साहेब गेला. खाडीतले रहिवासी मात्र या सर्वांच्या आधीचे आणि या सर्वांच्या नंतरचे. त्यांचे कागद मात्र कोणत्याच दप्तरात नाहीत.

ते कागद पहिल्याने लिहिले परदेशी डॉक्टरांनी आणि व्यापाऱ्यांनी. फ्रान्सिस हॅमिल्टन हा कंपनी सरकारचा डॉक्टर. त्याने गंगेतल्या माशांवरचे आपले पुस्तक १८२२ साली प्रसिद्ध केले. आपला बोंबील शास्त्राच्या वहीत प्रथम चढला तो त्या पुस्तकात. त्याच पुस्तकात त्याने बंगाल्यांच्या लाडक्या माशाचे नाव लिहिले आणि बंगाली कोळ्यांच्या तोंडचा 'इलिश' हा शब्द जसाच्या तसा शास्त्रीय नावात घेतला. पुढे सर्जन फ्रान्सिस डे याने १८७५ ते १८७८ या काळात भारतातल्या माशांचा मोठा ग्रंथ काढला आणि त्यात ठिकठिकाणची देशी नावेही नोंदवली. परंतु सर्वांनीच ही सभ्यता पाळली नाही. बोर्दो शहराचा द्युसुमिये नावाचा एक फ्रेंच व्यापारी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आपल्या किनाऱ्यावरून ये-जा करी आणि मासे गोळा करून पॅरिसला नेई. आमच्या चिखलातली निवटी आणि आमच्या पाटीतली मांदेली, या दोघींच्याही शास्त्रीय नावांत आज त्या व्यापाऱ्याचे आडनाव आहे. जिने मांदेली पिढ्यान्‌पिढ्या वाळवली त्या कोळणीचा शब्द कोठेच नाही. मला वाटते, नावाचा मान ज्याला मिळतो त्याच्याकडूनच आपण त्या प्राण्याची माहिती विचारू लागतो, आणि ज्याला खरोखर ठाऊक असते त्याला विचारायचे राहून जाते.

म्हणून मी मावशींना विचारू लागलो. रोज सकाळी पाटी उतरली की दहा मिनिटे. ग्रंथ एका बाजूला आणि मावशी दुसऱ्या बाजूला, अशी माझी शाळा सुरू झाली.

जगात पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांच्या जेवढ्या जाती ठाऊक आहेत त्यांतील निम्म्याच्या आसपास नुसते मासेच आहेत. वाघ, हत्ती, मोर, नाग आणि माणूस हे सगळे मिळून उरलेल्या निम्म्यात. समुद्रात तर कणा असलेली अशी बहुतेक घराणी नांदतात. मासे आहेत, समुद्रसर्प आहेत, कासवे आहेत, पाणपक्षी आहेत, आणि आपल्या पिल्लांना दूध पाजणारे डॉल्फिन व देवमासेही आहेत. या साऱ्यांची एक पायरी कोपरीच्या चिखलात आहे आणि दुसरी भरसमुद्रात.

अगदी खालच्या पायरीवर निवटी. ओहोटीच्या चिखलावर ही उड्या मारते, कल्ल्यांच्या पिशवीत पाणी धरून ठेवते, ओल्या कातडीतून श्वास घेते आणि चिखलातच बीळ करून राहते. मासा असून पाण्याबाहेर हिंडणारी ही बया पाहून माझा वर्ग खिदळतो. तिच्या शेजारी बोय. खारफुटीची पाने गळतात, चिखलात कुजतात, त्यावर डोळ्यांना न दिसणारे जीव वाढतात. तो गाळ बोय चाळून खाते. म्हणजे झाडाच्या पाल्याचे मांस करण्याचा कारखाना तिच्या पोटात आहे. त्या बोयीवर जिताडा टपलेला.

जिताड्याची गोष्ट तर कादंबरीकाराने लाजावे अशी आहे. तो खाडीच्या गोडसर पाण्यात वाढतो आणि अंडी घालण्याच्या वेळी खाऱ्या पाण्याकडे, खाडीच्या मुखाकडे जातो. वयात येतो तो नर म्हणून. काही वर्षांनी, अंगाने थोर झाला की, त्याची मादी होते. याचा अर्थ वाचकांनी नीट ध्यानात घ्यावा. बाजारात जो सर्वांत मोठा जिताडा अभिमानाने मिरवला जातो, ती बहुधा आई असते. सगळे मोठे जिताडे उचलले तर मागे राहतात ते केवळ बाप. मावशींना हे पुस्तकाने शिकवले नव्हते. "मोठ्यात गाबोळी, बारक्यात नाय," एवढेच त्या म्हणाल्या, आणि ते पुरेसे होते.

मुशीचेही तसेच. मुशी आणि पाखट यांच्या अंगात हाड म्हणून नाही, सारी कूर्चा. तरीही त्यांचा कणा कणाच. आपल्या बाजारात येणारी छोटी मुशी अंडी घालत नाही. तिच्या पोटात पिल्ले नाळेने बांधलेली असतात आणि जिवंत जन्मतात. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकणाऱ्यांच्या कित्येक पिढ्यांनी 'शार्क' म्हणून जिला टेबलावर कापले ती हीच आमची गरीब मुशी. हजारो अंडी टाकणाऱ्या माशाची एक पिढी बुडाली तर दुसरी सावरते. मोजकी पिल्ले देणाऱ्या मुशीला ती चैन परवडत नाही.

आणि मग समुद्र. चपट्या शेपटीचे वल्हे करून पोहणारे आणि श्वासासाठी पुन्हा पुन्हा वर येणारे समुद्रसर्प. आपल्या किनाऱ्यालगत हिंडणारे डॉल्फिन. अंडी घालण्यासाठी रात्री वाळूवर येणारी कासवे. नाना फडणविसांच्या वेळास गावी २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने ग्रामस्थांना बरोबर घेऊन कासवांची घरटी राखण्याचे काम सुरू केले. जेथे पूर्वी अंडी उकरून नेत तेथे आज लोक पिल्ले समुद्रात जाताना पाहण्यासाठी मुक्कामाला येतात. ओडिशाच्या किनाऱ्यावर २०२१ साली खुणेचा बिल्ला लावलेले एक मादी कासव २०२५ च्या जानेवारीत गुहागरला अंडी घालताना आढळले. संपूर्ण भारतखंडाला वळसा घालून ती आली. आपण जिल्ह्याच्या हद्दी आखतो, ती दोन समुद्रांची सासुरवाशीण आहे.

सगळ्यांच्या वरची पायरी देवमाशाची. २०१५ च्या जूनमध्ये रेवदंड्याला निळा देवमासा वाळूवर येऊन मेला, तेव्हा माणसांची जत्रा लोटली होती. एरवी असा देह खोल समुद्रात बुडतो आणि तळाशी कित्येक वर्षे असंख्य जिवांचे अन्नछत्र चालवतो. जिवंतपणी तो खोल पाण्यात चरतो आणि वर येऊन मलविसर्जन करतो. त्या खतावर पाण्यातली सूक्ष्म वनस्पती वाढते, तिच्यावर बारीक जीव, त्यांच्यावर मासे. खाडीत खारफुटीचे पान खाली पडून वर चढते, समुद्रात देवमाशाचे खत वर येऊन पुन्हा खाली झिरपते. या चढउताराला कोणी निसर्गचक्र म्हणते. मला ते आपल्या गावच्या बलुत्यासारखे वाटते. एकाने काम सोडले की दुसऱ्याचे अडते, आणि अडल्याचे कारण शोधायला फार उशीर लागतो.

आता हे सारे आमच्या कोपरीच्या माणसांशी कसे बांधलेले आहे याची एक गोष्ट सांगतो. फाळणीनंतर सिंध प्रांतातून उखडलेली कुटुंबे जशी कल्याणच्या छावणीत आली, जेथे पुढे उल्हासनगर झाले, तशी काही कोपरीतही वसली. माझ्या शेजारच्या सिंधी दादांच्या घरात झुलेलालचे चित्र आहे. पांढऱ्या दाढीचा देव कमळावर बसला आहे आणि कमळाखाली मासा आहे. कित्येक वर्षे मी तो मासा केवळ शोभेचा समजत होतो. एकदा दादा म्हणाले, "मास्तरजी, तो पल्ला आहे. आमच्या सिंधूचा." मी मावशींना विचारले. त्या म्हणाल्या, "पाला ना? काटे लय, पण चव त्याचीच." ग्रंथ उघडला तर हॅमिल्टनचा इलिश समोर! बंगालचा इलिश, सिंधचा पल्ला आणि मराठीतला पाला, हे एकच.

हा मासा समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला नदीच्या प्रवाहाविरुद्ध चढतो. सिंधूत चढे, गंगेत चढे, आपल्या बाजूला नर्मदेत आणि तापीत चढे. १९३२ साली सक्करला सिंधूवर बंधारा झाला, १९५५ साली कोटरीला; १९७५ साली गंगेवर फराक्का. भिंती उठल्या आणि देवाच्या वाहनाची वाट अडली. दादांचे वडील सिंधू सोडून आले ते १९४७ साली, आणि आठ वर्षांनी पल्ल्यालाही जुन्या घरी जाणे बंद झाले. दादांनी सिंधू पाहिलेली नाही. पण बाजारात पाला आला की वडिलांची आठवण म्हणून ते घेतात, आणि मावशी त्यांच्यासाठी तो बाजूला काढून ठेवतात. चेंदणीची कोळीण आणि सिंधचा विस्थापित यांची ओळख करून देणारा तो मासा. त्याला कोणत्याही इतिहासकाराने अद्याप मध्यस्थ म्हटलेले नाही.

खाडीचे काय झाले, हेही सांगितले पाहिजे. सुमारे सव्वीस किलोमीटर लांबीचे हे पाणी. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि पलीकडच्या तीरावर ठाणे-बेलापूर पट्ट्यात कारखाने उभे राहिले. अलीकडच्या तीरावर वस्ती वाढली. पूल झाले, भराव झाले, दोन्ही तीरांचे सांडपाणी आत आले, गाळ साचला. मावशींच्या यजमानांनी डोल विकली; मुलाने रिक्षा घेतली. आज मावशींच्या पाटीतली बरीचशी मासळी मुंबईच्या धक्क्यावरून येते. कोपरीसमोरच्या पाण्यात काय आहे हे कोपरीच्या पाटीत पाहून कळत नाही, अशी वेळ आली आहे.

यावर कोणी म्हणेल, मग ते गुलाबी पाहुणे येतात ते का? खरे आहे. हिवाळ्यात खाडीत रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात आणि आम्ही सहकुटुंब पाहायला जातो. २०१५ साली येथे सुमारे सतरा चौरस किलोमीटरचे फ्लेमिंगो अभयारण्य झाले. २०२२ साली रामसर करारातील जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांत ठाणे खाडीची नोंद झाली. या दोन्ही गोष्टींचा मला आनंद आहे. खारफुटीवर कुऱ्हाड घालणाऱ्याला आज कायदा विचारतो. परंतु जाणकार असेही सांगतात, की लहान रोहित पक्षी ज्या शेवाळावर जगतो ते शेवाळ सांडपाण्याच्या खतावर माजते. घर मोडलेल्या माणसाच्या ओट्यावर पारवे जमले म्हणून घर नांदते आहे असे कोणी म्हणत नाही. पाहुण्यांची गणती करताना घरच्या माणसांचीही करावी, एवढेच माझे मागणे. आणि पापलेटाचे म्हणाल, तर २०२३ साली तो महाराष्ट्राचा राज्यमासा ठरला. त्यालाही मोठा मान मिळाला तो कोवळी पापलेटे जाळ्यात येऊ लागल्याची ओरड होत असताना.

नुसती नोंद झाली म्हणजे जीव वाचतो, असा माझा भ्रम नाही. १७४१ साली उत्तरेकडच्या बर्फाळ समुद्रात स्टेलर नावाच्या निसर्गशास्त्रज्ञाला एक प्रचंड सागरगाय दिसली. त्याने तिचे बारकाईने वर्णन लिहिले. शिकाऱ्यांनी सत्तावीस वर्षांत शेवटची सागरगाय मारली. वर्णन उरले. तेव्हा कागदाने कोणी वाचत नाही. वाचते ते ज्याचे पोट आणि जीव तिच्यात गुंतला आहे अशा माणसांमुळे. वेळासची कासवे वाचली ती गावाने मनावर घेतले म्हणून. खाडीतली मासळी ज्याच्या चुलीशी बांधलेली होती तो कोळी खाडीवरून उठला, तर तिच्या वतीने बोलणार कोण? आणि मावशींच्या डोक्यात जे आहे, कोणत्या तिथीच्या उधाणाला काय येते, भांगाला काय येत नाही, ते रिक्षा चालवणाऱ्या मुलाच्या डोक्यात उतरलेले नाही. हा दोष त्याचा नव्हे. ज्याचा उपयोग उरला नाही ते कोण पाठ करील?

गेल्या वर्षी मी वर्ग घेऊन ओहोटीच्या वेळी मीठबंदरावर गेलो. मावशी आल्या होत्या. पाठ्यपुस्तकात पृष्ठवंशी प्राण्यांची उदाहरणे होती. आम्ही ती बाजूला ठेवली. मावशींनी नावे सांगितली आणि मुलांनी लिहून घेतली. प्रत्येक नावापुढे दोन रकाने आखले: 'पूर्वी' आणि 'आता'. पहिला रकाना मावशींनी भरला. दुसरा भरण्यासाठी त्या पाण्याकडे पाहत थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "निवटीपुढं बरोबर करा. बोयीपुढं पण." मग काही नावांपुढे नुसती मान हलवली. काही घरे रिकामी राहिली. ती भरायची कशी, असे एका मुलाने विचारले. मी म्हणालो, पुढच्या वर्षी पुन्हा येऊ.

माझ्या कादंबरीची दुसरी आवृत्ती निघाली तेव्हा मी पापलेटे काढून तेथे बोय घातली. मावशींच्या नातीने तेही पान वाचून दाखवले. मावशी हसल्या नाहीत. "आता बरोबर," म्हणाल्या, "पण मास्तर, हे कधीचं ते साल पण लिवा." मी साल लिहिले. वहीतली रिकामी घरे या दिवाळीनंतरच्या उधाणाला पुन्हा एकदा पाहणार आहोत.